सायकलवारीचा हलका तंबू: वजनकाट्याआधी मोजपट्टी काढा

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरअखेर रेवसहून निघून कोकण किनाऱ्यालगतच्या रस्त्याने, म्हणजे सागरी मार्गाने, रेडीपर्यंत, सात-आठ दिवस, एकट्याने, सायकलवर. मागच्या कॅरिअरला दोन पॅनियर (दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या), पुढे हँडलबार बॅग. उंची 5 फूट 9 इंच. जमलं तर पुढच्या ऑगस्टमध्ये मनाली-लेह. त्यासाठी एक किलोच्या आतला महागडा तंबू घ्यावा, की दुकानात सहज मिळणारा अडीच-तीन किलोचा चालवून घ्यावा?

दोन्ही नको. दीड ते दोन किलोचा, दोन माणसांचा, दुहेरी कापडाचा (आत जाळी, बाहेर वेगळं छत), खुंट्यांशिवाय उभा राहणारा आणि ॲल्युमिनियमच्या पोलचा तंबू घ्या. पोलची घडी, म्हणजे दुमडल्यावरची लांबी, 45 सेंटिमीटरच्या आत असेल तर उत्तम.

आधी वजनाचं भूत उतरवू. तुम्ही, सायकल, सामान आणि पाणी मिळून 95 किलो होतात असं धरा. चढावर लागणारा वेळ ढोबळमानाने या एकूण वजनाच्या प्रमाणात वाढतो. तंबू अर्ध्या किलोने जड घेतलात तर तासाभराच्या चढाला साधारण 20 सेकंद जास्त लागतील, बस्स. पाठीवर सॅक घेऊन चालणाऱ्याला तोच अर्धा किलो संध्याकाळपर्यंत खांद्यात बोलू लागतो. आपला भार चाकं वाहतात. हलक्या तंबूंबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं त्यातलं बहुतेक ट्रेकर मंडळींनी आपल्या खांद्याच्या हिशोबाने मांडलेलं असतं, आणि ते जसंच्या तसं उचलून सायकलवाला फसतो. शेवटचे तीन-चारशे ग्रॅम उतरवायला सर्वांत जास्त पैसे लागतात. त्या पैशात चांगले टायर येतात.

म्हणून तीन किलोचा काय वाईट, असं मात्र नाही. स्वस्त तंबूचा खरा दोष त्याच्या वजनात नसतो, फायबरग्लासच्या पोलमध्ये असतो. त्यांची घडी 55-60 सेंटिमीटर लांब असते, ती पॅनियरमध्ये बसत नाही. शिवाय पोल तुटताना उभा चिरतो आणि बारीक काचेरी कुसळं सोडतो, ती बोटात शिरतात आणि कापडही फाडतात. ॲल्युमिनियमचा पोल आधी वाकतो, मग मोडतो. वाकलेला पोल घेऊन सहल पूर्ण करता येते.

जाहिरातीतलं वजन वाचताना एक खोच लक्षात ठेवा. कंपन्या दोन आकडे देतात. ‘किमान वजन’ म्हणजे आतला तंबू, बाहेरचं छत आणि पोल, एवढंच. खुंट्या, ताणदोऱ्या आणि पिशव्या त्यात नसतात. ‘पॅक वजन’ म्हणजे खोक्यातून निघालेलं सगळं. एमएसआरच्या हबा हबा एनएक्स या दोन माणसांच्या तंबूचे हे आकडे 1.54 आणि 1.72 किलो होते, म्हणजे 180 ग्रॅमचा फरक, आणि तो तुम्ही वाहणारच असता. दोन तंबूंची तुलना करताना दोन्हीकडे एकच आकडा धरा, आणि माल हातात आल्यावर सामान तोलायच्या काट्यावर स्वतः तोला.

आता मोजपट्टी. सायकलवर तंबू ठेवायच्या जागा चारच: पॅनियरच्या आत, कॅरिअरवर आडवा, हँडलबारवर, किंवा कापड एकीकडे आणि पोल दुसरीकडे. कापड कसंही कोंबता येतं, पोल कोंबता येत नाहीत. सर्वसाधारण तंबूच्या पोलची घडी 45 ते 50 सेंटिमीटर असते. ऑर्टलीब बॅक-रोलर या सर्वत्र दिसणाऱ्या पॅनियरची उंची 42 सेंटिमीटर आहे, म्हणजे 46 चा पोल त्यात सरळ उभा राहत नाही. तिरका घातला तर मावतो, पण तोंड गुंडाळताना टोक कापडाला टोचत राहतं. ड्रॉप, म्हणजे टोकं खाली वळलेल्या हँडलबारचा हिशोब त्याहून कडक. 42 सेंटिमीटरच्या हँडलबारमध्ये आत प्रत्यक्ष जागा 38-39, आणि ब्रेक-गिअरच्या लिव्हरला आत वळायला वाव सोडला की उरतात 35. त्यासाठीच 30 सेंटिमीटरच्या घडीचे पोल असलेले खास सायकलचे तंबू निघाले आहेत. त्यांत सांधे जास्त असल्याने वजन किंचित वाढतं, पण फ्रेमच्या आडव्या दांड्याला बांधूनही पोल गुडघ्याला लागत नाहीत.

तुमच्या हँडलबारवर आधीच बॅग आहे, त्यामुळे तो प्रश्नच मिटला. कापड एका पॅनियरमध्ये किंवा कॅरिअरच्या माथ्यावर, आणि पोल कॅरिअरवर लांबीच्या दिशेने. तिथे 45-50 चा पोलही चालतो. मागे थोडा बाहेर आला तरी हरकत नाही, पुढे मात्र मांडीला घासता कामा नये. म्हणजे तुम्हाला खास सायकलच्या तंबूसाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. मागे पॅनियर न लावता सगळं फ्रेमला आणि हँडलबारला बांधणाऱ्यांनी ते मोजावेत.

यानंतरची बाब माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: रात्री जमीन कोणती मिळणार आहे? सागरी मार्गावर मुक्कामाच्या जागा आठवा. देवळासमोरची फरसबंदी, शाळेचा ओटा, कुणाचं तरी शेणाने सारवलेलं टणक खळं, जांभ्याचा कातळसडा, नाहीतर वाळू. यातल्या पहिल्या चारांत खुंटी जात नाही आणि पाचवीत टिकत नाही. म्हणूनच खुंट्यांच्या ताणावर उभे राहणारे तंबू, म्हणजे बोगद्याच्या आकाराचे किंवा चालायच्या काठ्यांवर तोलले जाणारे, या रस्त्याला गैरसोयीचे. काठ्यांच्या तंबूंचं एक किलोच्या आतलं वजन मोहात पाडतं, पण सायकलवाल्याकडे काठ्या नसतात. त्या जागी वेगळा पोल घेतला की दीड-दोनशे ग्रॅम वाढतात आणि खुंटीचा प्रश्न तसाच राहतो.

‘स्वतः उभा राहणारा’ हा शब्द दुकानदार सैलपणे वापरतात. काही हलक्या तंबूंचा पोल इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. डोक्याकडचे दोन कोपरे पोल ताणतो, पायाकडचे दोन मात्र खुंटीनेच ताणावे लागतात. हा अर्धवट प्रकार. वाईट नाही, पण फरशीवर पायाकडची बाजू पडलेल्या मच्छरदाणीसारखी लोंबते. दुकानात एकही खुंटी न वापरता तंबू उभा करायला सांगा आणि चारही कोपरे बघा. पूर्ण उभा राहणाऱ्या तंबूलाही पडवी ताणायला एक-दोन खुंट्या लागतातच. (छताचा जो भाग दारापुढे येतो, ज्याखाली चपला आणि पॅनियर राहतात, त्याला पडवीच म्हणतो, कोकणात दुसरा शब्द शोभतच नाही.) फरशीवर त्या दोरीला भरलेलं पॅनियर किंवा दोन लिटरची पाण्याची बाटली बांधली की काम होतं. आणि वर छप्पर असेल तर बाहेरचं छत लावूच नका. नुसती आतली जाळी उभी करा, झाली मच्छरदाणी. कोकणच्या किनाऱ्यावर तंबूचा निम्मा उपयोग हाच आहे. म्हणून आतला तंबू छताशिवाय उभा राहतो ना, हेही दुकानातच पाहून घ्या. काही तंबूंत आतला भाग छताला टांगलेला असतो.

एकेरी कापडाचे तंबू हलके असतात, पण समुद्रकाठी घेऊ नयेत. कारण दव. माणूस रात्रभर श्वासातून आणि त्वचेतून पेलाभर पाणी तरी हवेत सोडतो. उघड्या आकाशाखाली तंबूचं कापड उष्णता वर फेकत राहतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतं. किनाऱ्याची हवा मुळात दमट, त्यामुळे वाफ कापडाच्या आतल्या अंगाला बसते. पहाटे उठून बसलात की डोकं त्याला लागतं आणि सरी कोसळतात. नवखा माणूस तंबू गळतोय म्हणून दुकानदाराशी भांडायला जातो. दुहेरी तंबूतही पाणी जमतंच, पण ते बाहेरच्या छताच्या आतून खाली ओघळतं आणि मधली जाळी तुम्हाला कोरडं ठेवते, अर्थात दोघांमध्ये हाताच्या तळव्याएवढं तरी अंतर असेल तर. छत सैल पडून जाळीला चिकटलं तर दुहेरीपणाचा उपयोग संपला. उपाय साधे आहेत: पाऊस नसेल तर पडवीचं दार उघडं ठेवा, वरचे हवेचे झरोके कधी बंद करू नका, ओले कपडे आत वाळत घालू नका, आणि जमल्यास झाडाखाली तंबू लावा. झाडाखाली कापड कमी थंड होतं, दवही कमी धरतं.

झाड कोणतं हे मात्र बघायचं. माडाखाली कधीही नाही. नारळ पडला तर काय होईल हे सांगायला नको, वाळलेली झावळीही पोल मोडायला पुरेशी असते. आंब्याखाली लावण्याआधी वर बघा, पानं एकमेकांना चिकटवून केलेली लाल मुंग्यांची घरटी असतील तर पुढच्या झाडाकडे चला. आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आतली बाग कुणाची तरी असते, विचारल्याशिवाय आत शिरू नये. सुरूचं बन सर्वांत चांगलं. वारा अडतो, खाली वाळूवर सुयांची गादी असते. त्या गादीत सुरूची काटेरी बोंडं लपलेली असतात, ती हाताने वेचून मग तळ पसरा.

वाळूत साधी खुंटी सरळ उभी ठोकून उपयोग नाही. ती आडवी गाडायची: ताणदोरी खुंटीच्या मध्यावर बांधा, साधारण 30 सेंटिमीटरचा खड्डा करा, खुंटी दोरीला काटकोनात ठेवा, वाळू लोटा आणि पायाने दाबा. खुंटीऐवजी नारळाचं सोडण (वरचं जाड साल) बांधून गाडलं तर त्याहून घट्ट बसतं, आणि सोडणं कोकणात पैशाला पासरी. खुंटी अशी गाडायची म्हटली की दोरी लांब लागते, म्हणून दोन मिलिमीटर जाडीची आठ-दहा मीटर दोरी जास्तीची ठेवा, वजन नगण्य. कातळावर उलट करायचं. दोरीचा फासा एका लहान दगडाला घाला आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, मोठा दगड दोरीवर टेकवा. ताण आला की लहान दगड मोठ्याला जाऊन अडतो. दोरी नुसती मोठ्या दगडाला गुंडाळली तर जांभ्याच्या खरखरीत कडेवर एका रात्रीत कातरते.

वाळूवर तंबू लावताना भरतीची रेषा ओळखा: शेवाळ, काड्या आणि प्लॅस्टिक जिथे ओळीने पडलंय ती. पण ती रेषा कालची असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाची भरती भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या भरतीपेक्षा बरीच वर चढते, तेव्हा तिथी बघून आणखी वर सरका. कोळीवाड्यात विचारलंत तर नेमकी जागा दाखवतील. वेळास, आंजर्ले अशा ठिकाणी नोव्हेंबर ते मार्च हा कासवांच्या विणीचा काळ. त्या पुळणींवर (वाळूच्या किनाऱ्यांवर) तंबू आणि दिवे दोन्ही टाळायचे, गावात जागा मागायची.

आता आकार. ‘एक माणसाचा’ तंबू म्हणजे 80-90 सेंटिमीटर रुंदीची जागा. त्यात माणूस झोपतो, पॅनियर नाही. दोन माणसांच्या तंबूची रुंदी 120 ते 135. हलक्या प्रकारांत दोघांतला वजनाचा फरक 200-300 ग्रॅमच असतो, आणि वर दाखवल्याप्रमाणे सायकलवर तो कळत नाही. सामान आत घेता येणं हे एकट्याला फार मोलाचं आहे. रात्री कुत्री पडवीतल्या खाऊच्या पिशवीचा फडशा पाडतात. लांबी किमान 215 हवी, कारण भिंती तिरक्या असतात आणि फुगवायची गादी तुम्हाला आणखी पाच-सात सेंटिमीटर वर उचलते. उंचीसाठी जमिनीवर मांडी घालून बसा, भिंतीला पाठ लावून डोक्यापर्यंत मोजा, त्यात गादीची जाडी आणि चार बोटं मिळवा. तुमच्या उंचीला हा आकडा शंभर-एकशे पाच सेंटिमीटरच्या आसपास येईल. तंबूची छापील उंची सर्वांत उंच बिंदूची असते, तो बिंदू दारापाशी आहे की पायापाशी हे आत बसूनच कळतं. दार लांब बाजूला असलेला तंबू घ्या. डोक्याकडून सरपटत आत जायचं म्हणजे दिवसभर सायकल चालवून आखडलेल्या गुडघ्यांना शिक्षा.

कापडाच्या आकड्यांत फार गुंतू नका, दोन-तीन गोष्टी कळल्या की पुरे. 20 डेनियर म्हणजे 9,000 मीटर धाग्याचं वजन 20 ग्रॅम. आकडा लहान तितकं कापड तलम. सायकलवर सामान दिवसभर हादरत, घासत जातं, म्हणून छत 15 आणि तळ 20 च्या खाली नको. सात-दहा डेनियरचं कापड जपून वापरणाऱ्याला टिकतं, कॅरिअरच्या नळीवर घासलं तर दोन दिवसांत चाळणी. नायलॉन ओलं झालं की ताणतं, म्हणून संध्याकाळी टाईट लावलेलं छत रात्री दवाने सैल पडतं. झोपण्याआधी एकदा दोऱ्या ओढून घ्याव्या लागतात. पॉलिएस्टर असं करत नाही आणि उन्हालाही जास्त टिकतं, त्यामुळे तेवढ्याच वजनात पॉलिएस्टर मिळत असेल तर मी तेच घेईन. डायनीमा या महागड्या कृत्रिम धाग्याचं कापड पाणी पीत नाही, ताणत नाही, वजनाला पिसासारखं. पण घडी फुगते, टोचण्या-घासण्याला नाजूक, आणि किमतीत जवळपास सायकल येते.

पाणीरोधकतेचा आकडा, उदाहरणार्थ 1,500 मिमी, म्हणजे कापड दीड मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं. छताला पावसाच्या मानाने हे ठीक. तळाचा प्रश्न वेगळा. 70 किलोचा माणूस गुडघ्यांवर टेकला आणि दोन्ही गुडघ्यांखालची जागा मिळून 100 चौरस सेंटिमीटर धरली, तर तिथला दाब सात मीटर पाण्याएवढा होतो. म्हणजे 3,000 मिमीचा तळही डबक्यावर गुडघ्याखाली पाझरणार. तळाचा आकडा वाढवत नेण्यापेक्षा खोलगट जागा टाळणं शहाणपणाचं. खाली अंथरायला कंपनीची चटई घ्यायची गरज नाही. 50 मायक्रॉनचं प्लॅस्टिक 2.1 बाय 1.2 मीटर कापलं की 115 ग्रॅम भरतं. ते तंबूच्या तळापेक्षा सगळीकडून पाच सेंटिमीटर आत कापा. बाहेर डोकावलं तर छतावरून ओघळणारं पाणी झेलून थेट तुमच्या पाठीखाली आणून सोडतं. तंबू गळतो या तक्रारींतलं दवानंतरचं दुसरं मोठं कारण हेच.

मनाली-लेहचं गणित वेगळं आहे. तिथे दव हा मुख्य शत्रू नाही. वारा, धूळ आणि थंडी आहे. सरचू 4,200 मीटरच्या वर, पांग त्याहून उंच, लाचुंग ला आणि तांगलांग ला या खिंडी तर 5,000 च्या पुढे. पूर्ण जाळीचा आतला तंबू किनाऱ्यावर सुखाचा, पण त्याच रस्त्यावरच्या मोरे मैदानावर दुपारनंतरचा वारा छताखालून शिरून बारीक धूळ जाळीतून थेट तोंडावर आणतो. एकच तंबू दोन्हीकडे वापरायचा असेल तर मधला मार्ग निवडा: आतल्या तंबूच्या भिंती खालच्या अर्ध्या भागात कापडाच्या आणि वर जाळी. बाहेरचं छत जमिनीपासून दहा सेंटिमीटरपर्यंत खाली येणारं असावं. छताला कोपऱ्यांखेरीज ताणदोऱ्या बांधायचे किमान चार फासे हवेत आणि ते पोलच्या जवळ असायला हवेत. नुसत्या कापडाला शिवलेला फासा वाऱ्यात उसवतो.

वाऱ्यात उभारणीचा क्रम चुकला की तंबू जातो. आधी वाऱ्याच्या बाजूचे दोन कोपरे जमिनीला पक्के करा, मग पोल घाला, उभा होताच आत एक पॅनियर टाका, मग बाकीचे कोपरे आणि छत. निमुळती बाजू वाऱ्याकडे, दार आडोशाला. खुंट्या न मारता उभा केलेला रिकामा तंबू म्हणजे पतंग. मोकळ्या मैदानात त्याच्यामागे सायकलच्या बुटांनी धावणं शक्य नसतं. सायकल आडवी पाडून तिच्या चाकाला ताणदोरी बांधता येते. स्टँडवर उभ्या सायकलला बांधू नका. वारा दोघांनाही आडवं करतो आणि डिरेलरचा (मागच्या गिअरयंत्राचा) हँगर वाकतो.

खुंट्या इंग्रजी वायच्या आकाराच्या, ॲल्युमिनियमच्या, 16 ते 18 सेंटिमीटरच्या घ्या, वजन प्रत्येकी 12-14 ग्रॅम. तंबूबरोबर येणाऱ्या वाकड्या तारेच्या खुंट्या लाल मातीत चालतात, दगडाळ जमिनीत पहिल्याच ठोक्याला वाकतात. आठ चांगल्या आणि दोन जास्तीच्या. त्यांची पिशवी वेगळी. कापडात गुंडाळून ठेवलेल्या खुंट्या खडबडीत रस्त्यावर दिवसभर हादरून कापडाला बारीक भोकं पाडतात, आणि ती भोकं नेमकी तळाला पडतात.

बांधणीचं आणखी थोडं. हूकच्या इलॅस्टिक दोऱ्या टाळा. खड्ड्यात सामान उसळलं की हूक सुटतो आणि आऱ्यांत जातो. बकलचे पट्टे वापरा, दोन पुरतात, आणि त्यांची उरलेली शेपटं गुंडाळून खोचून टाका. पोल जिथे धातूला टेकतात तिथे जुनी ट्यूब कापून गुंडाळा. छत आणि आतला तंबू एका पिशवीत भरू नका. पहाटे छत पाव-अर्धा लिटर पाणी पिऊन बसलेलं असतं. ते कॅरिअरवर वेगळ्या पिशवीत बाहेर ठेवा, आतला भाग कोरड्या पिशवीत पॅनियरमध्ये. सागरी मार्गावर छत वाळवायच्या जागा रस्ताच देतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, यातली कुठलीही फेरीबोट गाठायला थोडं थांबावं लागतंच. धक्क्याच्या कठड्यावर ऊन-वाऱ्यात पसरलं की दहा-पंधरा मिनिटांत खडखडीत.

दुरुस्तीचं सामान मुठीत मावतं: पोलवर चढवायची आठ-दहा सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची नळी, कापडाला चिकटणारी टेप, सुई-दोरा. पोल मोडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सांधा पूर्ण न बसवताच पोल वाकवणं. टोक अर्धवट आत असलं की नळीचं तोंड चिरतं. म्हणून उभारताना प्रत्येक सांध्यावर बोट फिरवा. घडी घालताना मधल्या सांध्यापासून सुरुवात करा, आतल्या इलॅस्टिकवर ताण कमी येतो. ट्यूबचं पंक्चर पॅच सिलिकॉन लावलेल्या कापडाला धरत नाही, त्याला सिलिकॉनचाच गोंद लागतो. दाराची झिप वाळू आणि खाऱ्या हवेने आधी अडकते, मग दात न जुळता उघडीच राहते. रोज रात्री जुन्या टूथब्रशने झाडा. उघडी राहू लागली तर पक्कडीने झिपच्या सरकत्या तुकड्याच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबा, केसभर. जास्त दाबलात तर तो फुटतो आणि मग पर्याय नाही.

तंबू आल्यावर पहिली उभारणी इमारतीच्या गच्चीवर करा. तिथे खुंटी मारता येत नाही, वारा असतो, म्हणजे परीक्षा बरोबर देवळाच्या फरशीसारखी होते. दुसरी उभारणी दिवा न लावता, फक्त हेडलँपवर. नंतर बादलीभर पाणी शिवणींवर ओता आणि आत जाऊन बोटाने शिवण चाचपा. दोन्ही अंगांनी सिलिकॉन लावलेल्या कापडाच्या शिवणींवर कारखान्यात टेप बसत नाही, त्या स्वतः सिलिकॉनने बंद कराव्या लागतात. खोक्यात तशी छोटी ट्यूब दिसली तर ती शोभेला दिलेली नसते.

एक व्यवहाराची गोष्ट. किनाऱ्यावर बहुतेक टप्प्यांत घरगुती राहायची सोय सापडते, आणि मनाली-लेहला हंगामात सरचू, पांग अशा ठिकाणी पॅराशूटच्या कापडाच्या तंबूत गादी मिळते. आठ रात्रींतल्या तीन-चार रात्रीच तुमचा तंबू उघडेल असं धरून चाला. लेहचं अजून नक्की नसेल तर डिसेंबरसाठी मित्राचा मागा किंवा भाड्याने घ्या, आणि कुठली गोष्ट खुपते ते बघून मग विकत घ्या.

परत आल्यावर पोल आणि झिप गोड्या पाण्याने धुवा, कापड सावलीत दोन दिवस वाळवा. मग ते त्याच्या छोट्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका. आतून दिलेला पॉलियुरेथेनचा थर दमट उबेत हळूहळू विरघळतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे आणखी लवकर होतं; दिवाळीत उघडावं तर कापड चिकट झालेलं, आंबूस वास येणारं, आणि त्यावर इलाज नसतो. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरून कपड्यांच्या कपाटात ठेवा, आणि पावसाळ्यात एखाद्या कोरड्या दिवशी खोलीत पंख्याखाली पसरा.